पावशेर आणि क्यूआर

मंडईत अजूनही ‘पावशेर मिरची द्या’ ऐकू येतं. गावागणिक वेगळा असलेला शेर 1956च्या कायद्याने मोडीत काढला, 1958पासून किलोची वजनं आली. तराजू बदलला, शब्द राहिला.

1886 सालच्या याच इमारतीत आता पैसे फोनवरून येतात. 2016 साली यूपीआय आलं, पण सुरुवातीला काही कंपन्यांचा क्यूआर दुसऱ्यांच्या ॲपला वाचताच येत नसे. म्हणून एकेका गाळ्यावर दोन-तीन चौकटी चिकटवलेल्या. ऑक्टोबर 2020मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं: मार्च 2022अखेर सगळ्यांना चालेल असाच क्यूआर ठेवा. शेराचीच गोष्ट पुन्हा, फक्त यावेळी लवकर आटोपली.

ॲपचे पडदे मात्र मोकळे राहिले. प्रत्येकाचा रंग वेगळा, पैसे पोचल्याची खूण वेगळी. डिझायनर याला कल्पकता म्हणतात. मला विकणारा दिसतो: गिऱ्हाइकाने क्षणभर समोर धरलेला फोन, इंग्रजी अक्षरं, मागे रांग. खरी पावती कशी दिसते हेच ठरलेलं नसेल, तर खोटी ओळखायची कशी? खोट्या पावत्या दाखवणारी ॲपं निघालीच.

तोडगा निघाला तो डोळ्यांचा नव्हे, कानांचा. बोलणारा डबा! फळांच्या गाळ्यावरचे आमचे बागवान चाचा गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघतही नाहीत. डबा मराठीत रक्कम सांगेपर्यंत पिशवी सोडत नाहीत. डब्याचं भाडं दर महिन्याला त्यांच्याच खात्यातून जातं.