मधल्या भिंतीचे भोक

भिंतींचा इतिहास म्हटला की आपण तटबुरुजांकडे वळतो. अलिबागकरांपुढे तर कुलाब्याचा किल्ला उभाच आहे. आज मी बोलणार आहे ती भिंत साधी आहे. दोन बिऱ्हाडांच्या मधली, दोघांची मिळून एक. राखण मात्र तीही करते. तिचा शत्रू आग.

या भिंतीकडे कायद्याचे लक्ष गेले ते शहरे जळाल्यावर. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन जळाले. घरे लाकडाची आणि एकमेकांना खेटलेली. १६६७ च्या कायद्याने नवी घरे विटांची वा दगडांची बांधणे सक्तीचे केले आणि मधल्या भिंतींची जाडीही ठरवून दिली. समुद्रापलीकडे, आपल्या मुंबईत, १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातल्या दाट वस्तीत आग लागली आणि कोटाचा मोठा भाग तिने गिळला. त्यानंतर कोटाबाहेरची वस्ती वाढत गेली. धडा एकच होता: शेजाऱ्याची आग अडवायची तर मधे अखंड भिंत हवी.

पुढे घराघरांत नळ आले आणि या अखंड भिंतीला भोके पडू लागली. पाइप दोन इंची, भोक चार इंची. उरलेल्या फटीतून धूर वाट काढतो. बिडाचा पाइप निदान आगीत उभा राहतो. पी.व्ही.सी.चा पाइप मऊ पडून वितळतो आणि पाइपाच्या जागी मोकळे भगदाड राहते. नुसता सिमेंटचा गिलावा फासून हे भागत नाही.

१९७० साली पहिल्यांदा निघालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेची २०१६ ची आवृत्ती याविषयी स्पष्ट आहे. भिंतीची आग सोसण्याची शक्ती मिनिटांत मोजतात. नळवाहिन्यांच्या बंदिस्त जागेच्या भिंतींना १२० मिनिटे सांगितली आहेत. भिंत जितका वेळ टिकेल तितकाच वेळ भोकाचे बुजवणेही टिकले पाहिजे, हे तत्त्व. त्यासाठी धातूच्या पाइपाभोवती खनिज लोकर आणि आगरोधक लांबी भरतात. प्लॅस्टिकच्या पाइपाला उष्णतेने फुगणारे कडे बसवितात. पाइप वितळू लागला की कडे फुगून भोक आवळते.

आता माझ्या धंद्याचे बोलतो. कामगारांच्या मजुरीचे हिशेब पाहण्यात माझे आयुष्य गेले. भोक पाडण्याचा दर ठरलेला असतो, पाइप जोडण्याचा असतो. बुजविण्याची बाब पुष्कळ अंदाजपत्रकांत नसतेच. गवंडी म्हणतो नळवाल्याचे काम, नळवाला म्हणतो गवंड्याचे. बिलात जे लिहिलेले नाही, ते कुणाच्याच हातून होत नाही. मग दोष त्या मदतनीस पोराला द्यावयाचा काय?

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. म्हणून त्यांनीच भोक बुजविणे ही स्वतंत्र बाब लिहावी, तिची मजुरी द्यावी आणि गिलावा चढण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे. गिलाव्यामागे काय दडले ते पुढे फक्त आगीलाच कळते.

भिंत दोघांची असते, हे आपण भांडताना विसरत नाही. ती बुजविण्याचा खर्च देतानाही विसरू नये.