वसईची वेलची मर रोगाला बळी पडते, मग जी-नाईन का वाचते? समजून घ्या

सातिवलीच्या फळगाडीवर वेलची आणि जी-नाईन ही केळी शेजारीशेजारी दिसतात. पण रोगांच्या बाबतीत दोघींचं नशीब वेगळं आहे.

मर रोग म्हणजे काय?

याला पनामा रोगही म्हणतात. फ्युजारियम नावाची बुरशी मातीतून मुळांत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. आधी खालची पानं पिवळी पडून खोडाभोवती लोंबतात, मग झाड मरतं. कंद कापला तर आत लालसर-तपकिरी डाग दिसतात. ही बुरशी मातीत कित्येक दशकं टिकते आणि औषध फवारून जात नाही. म्हणूनच प्रतिकारक वाण महत्त्वाचा.

मग जी-नाईनच लावायची का?

इथेच गोम आहे. या बुरशीचे अनेक प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराने गेल्या शतकात मध्य अमेरिकेतल्या ग्रो मिशेल केळीच्या बागा संपवल्या. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, कारण ती या प्रकाराला दाद देत नाही. जी-नाईन याच गटातली. वेलची मात्र त्याला बळी पडते.

पण टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. 2019 मध्ये तो कोलंबियात सापडला. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात त्याची नोंद झाली आहे.

आणि राजेळी?

वसईची सुकेळी जिच्यापासून बनते ती राजेळी, केरळच्या नेंद्रनच्या गटातली. या गटाला खोड पोखरणारा सोंडकिडा जास्त लागतो. माव्यातून पसरणाऱ्या पर्णगुच्छ रोगापुढे तर लागवडीतली कुठलीच जात पूर्ण सुरक्षित नाही.

थोडक्यात, ‘प्रतिकारक’ हा शब्द ऐकला की विचारा: नेमक्या कशाला?

आपण काय करू शकतो?

खाण्याच्या केळीला बी नसतं. मुनव्यातून येणारं रोप आईचीच नक्कल असतं, त्यामुळे आईचा कमकुवतपणा आणि रोग दोन्ही सोबत येतात. गावाहून किंवा ओळखीतून आणलेला एक मुनवा, त्याला चिकटलेली माती, एवढ्यानेही रोग नव्या वाडीत पोहोचतो. म्हणून:

• परसात लावायलाही तपासलेली, ऊतिसंवर्धित रोपं घ्या.
• रोगट बागेतली अवजारं आणि चपला धुतल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नका.
• एकाच जातीवर विसंबू नका.

वेलची, राजेळी टिकवायची तर त्या लावायलाच हव्यात. फक्त निरोगी रोपांपासून.