रुपयामागे एक आणा

ज्युबिलीच्या स्मरणिकेत मंदिराच्या पायाचा, घंटेचा व धर्मगुरूंच्या सेवेचा इतिहास यावा, हे उचितच होय. आम्ही मात्र ह्या मंगल प्रसंगी आपले लक्ष एका अगदी साध्या इमारतीकडे वेधू इच्छितो. ती म्हणजे आपल्या गावची वा वस्तीवरची प्राथमिक शाळा. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी पहिले अक्षर अशाच शाळेच्या ओट्यावर गिरविले. परंतु ही शाळा कोणाच्या पैशावर चालली, असा प्रश्न कोणी केला, तर 'सरकारच्या' एवढेच उत्तर बहुधा मिळते. ते उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आपला सिन्नर तालुका नाशिक जिल्ह्यातील पर्जन्यछायेचा मुलूख. यादवांच्या प्राचीन राजधानीचे वैभव गोंदेश्वराच्या शिल्पांत अद्याप दिसते खरे. पण वावी, दोडी, नांदूर शिंगोटे ह्या बाजूच्या शेतकऱ्यास ते वैभव भाकरी देत नाही. त्याची बाजरी आभाळाच्या मर्जीवर पिकते, आणि घरातल्या बाईने मांडीवर सूप घेऊन वळलेल्या विड्यांनी कित्येक संसारांची तोंडमिळवणी केली. अशा मुलखात शाळेस पैसा लागला, की तो कोणाच्या तरी पोटास चिमटा घेऊनच निघतो. म्हणूनच त्याचा इतिहास आपणांस ठाऊक असला पाहिजे.

इंग्रजी अमलापूर्वी शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. ती देवळाच्या ओसरीवर किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत भरे. पंतोजीस मुलांच्या घरून शेर-अदशेर धान्य, सणावारी काही शिधा व थोडा रोख पैसा मिळे. ही व्यवस्था गावाची स्वतःची होती, परंतु ती साऱ्या गावाची नव्हती. ज्याच्या घरून शेर येई त्याचा मुलगा धुळपाटीवर बसे. अस्पृश्य मानलेल्यांच्या व बहुतेक कुणब्यांच्या मुलांस आणि सर्वच मुलींस तेथे जागा नव्हती.

पुढे 1840 साली मुंबई इलाख्यात शिक्षणमंडळ स्थापन झाले व 1855 साली त्याची जागा सरकारी शिक्षणखात्याने घेतली. त्या सुमारास एक पद्धत निघाली. गावाने शाळेस जागा द्यावी व शिक्षकाचा निम्मा पगार वर्गणीने भरावा, म्हणजे उरलेला निम्मा सरकार देईल. वरवर पाहता ही योजना किती न्याय्य वाटते! परंतु तिच्या पोटात एक काटा होता. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला. त्याने सरकारकडे दाद मागितली व प्रकरण पुष्कळ वर चढले. अखेर 1858 साली सरकारने धोरण जाहीर केले, की केवळ सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींस खुल्या राहतील. परंतु जेथे गावकरी खर्चाचा वाटा उचलतात, तेथे त्यांच्या इच्छेविरुद्ध अशी मुले घालण्याचा सरकारचा विचार नाही. अशा शाळेची मदत बंद करण्याचा हक्क मात्र सरकारने आपल्याकडे राखला. आमच्या मते आपल्या शाळांच्या इतिहासातील हा मोठा धडा होय. वर्गणी देणारा मनुष्य पुण्य करतो हे खरे. पण तोच कित्येकदा दारावर कुलूपही घालतो.

ह्यानंतर आला तो आणा. 1863 च्या सुमारास शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेण्यास आरंभ झाला, आणि 1869 च्या कायद्याने त्यास कायमचे रूप आले. ह्यास लोकल फंड म्हणत. ह्या आण्याचे दोन भाग रस्ते व इतर लोकोपयोगी कामांकडे जात आणि तिसरा भाग शाळांस मिळे. वाचकांनी थोडे गणित करावे. आण्याच्या 12 पै. त्यांपैकी 4 पै शाळेच्या. रुपयाच्या 192 पै, म्हणजे सारा जितका, त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याइतकी रक्कम शाळेच्या नावे रयतेकडून वसूल होई. रक्कम लहान दिसते. परंतु शुभवर्तमानातील दरिद्री विधवेच्या दोन दमड्यांचे मोल ज्यांस कळते, त्यांस ह्या चार पैंचे मोल वेगळे सांगणे नको.

वर्गणी व आणा ह्यांत एक मूलगामी भेद आहे. वर्गणी गावातील चार प्रतिष्ठित देत. आणा मात्र सारा भरणाऱ्या प्रत्येकाकडून घेतला जाई. ज्याने कधी शाळेचा उंबरा पाहिला नाही असा अडाणी कुणबीही तो भरी. ज्याच्या नावे सातबारा नव्हता असा मजूरही त्याच जमिनीत राबून त्याचा भार उचली. म्हणजे शाळेवर आता सर्वांचा हक्क उत्पन्न झाला होता. तो हक्क त्यांस मिळाला काय?

हा प्रश्न 1882 साली एका माणसाने निर्भीडपणे विचारला. पुण्याचे जोतीराव गोविंदराव फुले ह्यांनी हंटरसाहेबांच्या शिक्षण-कमिशनपुढे निवेदन सादर केले. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांसच होतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. लोकल फंडाचा निम्मा पैसा केवळ प्राथमिक शिक्षणावर खर्चावा, बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातील असावे व त्यांस दरमहा 12 रुपयांहून कमी पगार नसावा, अशा त्यांच्या सूचना होत्या. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, तीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. परीक्षेच्या निकालावर शाळांस पैसा देण्याची जी रीत त्या काळी होती, ती गरीब व अशिक्षित लोकांस उपयोगाची नाही, असे त्यांचे मत होते. जेथे शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तेथे आधी फळ दाखवा व मग पाणी देऊ, असे म्हणणे म्हणजे रोप वाळविणेच होय.

कमिशनने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवाव्या असा अभिप्राय दिला, आणि 1884 च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली. 1923 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार लोकल बोर्डांच्या शाळामंडळांकडे गेला. त्याच वर्षी सीताराम केशव बोले ह्यांच्या ठरावान्वये सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या शाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या असाव्या असे मुंबईच्या कायदेकौन्सिलने ठरविले. आणा सुरू झाल्यापासून दार उघडावे हा ठराव होईपर्यंत सुमारे साठ वर्षे लोटली. आणि ठरावानंतरही कित्येक गावी दार किलकिलेच राहिले.

ह्या साठ वर्षांत ज्यांस दार बंद होते, त्यांच्यासाठी काही ठिकाणी मिशनांच्या शाळा निघाल्या. 1854 च्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांस सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली होती. आपल्या शेजारच्या, पूर्वी अहमदनगर व आता अहिल्यानगर म्हणविणाऱ्या जिल्ह्यात जेझुइट धर्मगुरूंनी त्या शतकाच्या अखेरीस काम आरंभिले. धर्मशिक्षक हाच तेथे शाळामास्तर असे; तो गावकुसाबाहेरच्या वस्तीत राही व झाडाखाली वा झोपडीत मुले जमवून त्यांस पाटी-पेन्सिल देई. आपल्या समाजातील अक्षरओळखीचा पुष्कळ भाग ह्या गरीब मास्तरांच्या कष्टांचे फळ आहे. तथापि आपण प्रामाणिकपणे कबूल करावे, की मिशनच्या शाळा सर्व वस्त्यांस पुरणे शक्य नव्हते. सर्वांस पुरेल ती शाळा सर्वांच्या आण्याचीच असावी लागते.

आण्याच्या जोडीस दुसरा एक प्रवाह होता, तो मुठीचा. 1914 साली नाशिक येथे मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला, व खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांस शहरात राहून शिकता यावे म्हणून वसतिगृहाची सोय झाली. 1919 साली सातारा जिल्ह्यातील काले येथे भाऊराव पाटील ह्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. घरोघरच्या बायका दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस ठेवीत, व त्या मुष्टिफंडावर मुले जेवीत. 1924 साली साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. धारवाडच्या वेळी वर्गणीने दार बंद ठेवले होते. येथे मुठीने ते उघडले. मग भेद कशात? रकमेत खचित नव्हे. देणाऱ्याने 'माझ्या मुलासाठी' दिले, की 'कोणाच्याही मुलासाठी' दिले, एवढ्यातच सारा भेद आहे.

स्वातंत्र्यानंतर 1947 च्या कायद्याने जिल्हा शाळामंडळे आली आणि 1 मे 1962 पासून गावशाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. शिक्षकांच्या वेतनाचा भार सरकारी तिजोरीवर पडला, ही मोठी सुधारणा होय. आणा नाहीसा झाला, परंतु त्याची भावंडे जन्मास आली. 1962 साली महाराष्ट्रात शिक्षणकराचा कायदा झाला. 2004 साली केंद्र सरकारने आपल्या करांवर प्राथमिक शिक्षणासाठी शेकडा 2 उपकर बसविला. आपल्या तालुक्यास विशेष जवळचा असा तिसरा उपकर विडीवर होता. 1976 च्या कायद्याने तो विडी कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जाई व त्यातून दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या ह्यांची तजवीज होई. सिन्नरच्या ज्या माउलीने हजार विड्या वळल्या, तिच्याच श्रमातून तिच्या मुलीच्या वह्या आल्या, असे म्हणण्यास हरकत नाही. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. शिष्यवृत्ती त्यानंतर सर्वसाधारण अंदाजपत्रकातील रकमेवर अवलंबून राहिली. नाव असलेला पैसा निनावी झाला, की त्याच्यावर नजर ठेवणे कठीण होते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

आता वर्तमानाकडे वळू. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे तिचे काम. 1869 च्या रयतेस जो अधिकार मिळाला नाही, तो आज वस्तीवरच्या मातेस कायद्याने मिळाला आहे. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेस पटसंख्येप्रमाणे एकत्रित अनुदान ठरले. शंभर ते अडीचशे मुलांच्या शाळेस वर्षाचे 50,000 रुपये. वीज, खडू, स्वच्छता, डागडुजी सारे ह्यातच भागवावयाचे. उणे पडेल ते गावाने लोकवर्गणीतून भरावे, अशी अपेक्षा असते, व पुष्कळ गावे ती पुरीही करतात.

परंतु पटावर पैसा, ही रीत पाहताच आम्हांस जोतीरावांचे शब्द आठवतात. 2017 साली दहाहून कमी मुलांच्या सुमारे 1,300 शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात झाला. 2023 साली वीसपर्यंत पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचा विचार निघाला, तेव्हा अशा शाळांची संख्या 14,000 हून अधिक भरली. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक व अधिक साधने मिळतात, हे त्या बाजूचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. पण माळावरच्या वस्तीतून सहा वर्षांच्या मुलीने कोसभर दूर जावयाचे, आणि आईबाप पहाटेच कामावर गेलेले, तर ती जाईल काय? पट कमी झाला म्हणून पैसा कमी, पैसा कमी म्हणून शाळा भकास, शाळा भकास म्हणून पट आणखी कमी, हे रहाट एकदा फिरू लागले, की विहीर कोरडी पडेपर्यंत थांबत नाही.

ह्या रहाटास आपणही हात लावतो, हे बोलणे कटू असले तरी आवश्यक आहे. आपल्यापैकी ज्यांस थोडे बरे दिवस आले, त्यांनी आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातली. त्यात दोष नाही. प्रत्येक आईबाप मुलाचे कल्याणच पाहतात. परंतु मूल काढून घेताना आपण आपली नजरही काढून घेतली. वर्गाचे छत गळते की नाही, हे आता आपणांस ठाऊक नसते. मागे राहिली ती विडी वळणाऱ्यांची, ऊस तोडणाऱ्यांची व शेतमजुरांची मुले. त्यांच्या वतीने ग्रामसभेत उभे राहून बोलणारा कोणी उरला नाही.

आपल्या देवनदीचे उदाहरण घ्या. तिच्यावरील जुने बंधारे व पाट लोकांनी हात सावरल्यावर गाळाने भरले, आणि ह्या शतकात गावकरी पुन्हा एकत्र आले तेव्हा पाटांस पाणी आले. तथापि पाऊस पाडणे त्यांच्या हाती नव्हते. शाळेचेही तसेच आहे. वेतन, इमारत व पुरेसा पैसा देणे हे सरकारचे कर्तव्य. आपली वर्गणी त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊ लागली तर 1850 च्या दशकातील काटा पुन्हा उगवेल. आपले काम पाट साफ ठेवण्याचे: समितीत बसावे, अनुदानाचा हिशेब ग्रामसभेत वाचून घ्यावा, उणे दिसेल ते लेखी मागावे, आणि मूठ द्यावयाची ती कोणाच्याही मुलासाठी द्यावी.

जुन्या करारातील ज्युबिलीचे वर्ष हे ज्याचे त्यास परत देण्याचे वर्ष होते. शाळा ज्यांच्या चार पैंवर उभी राहिली, त्यांची ती आहे. आपल्या मंदिराचे दिवे ह्या उत्सवात उजळतील तेव्हा, वाचकहो, परतीच्या वाटेवर गावशाळेच्या दारात क्षणभर थांबा, आणि तिच्या खिडकीतही दिवा लागतो आहे ना, एवढे पाहून मग घरी जा.