वडवणीचं व्होल्टेज आणि एसएमपीएसचा इतिहास

शनिवार आहे, ऑफिसचा लॅपटॉप बंद आहे, तेव्हा आज जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

गेल्या दिवाळीत वडवणीला घरी गेलो होतो. आमच्या काकांचं तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. (आता रेडिओ नाहीत, टीव्हीही कमीच. मिक्सर, इन्व्हर्टर आणि एलईडी बल्ब जास्त.) त्यांच्या टेबलावर मी शाळेत होतो तेव्हापासून एक पॉवर सप्लाय आहे, त्यांनी स्वतः बनवलेला. राखाडी पत्र्याचा डबा, आत जडशीळ ट्रान्सफॉर्मर, ७२३ ही आयसी आणि मागे काळ्या हीटसिंकवर २एन३०५५ ट्रान्झिस्टर. संध्याकाळी सातच्या सुमारास मी तो १५ व्होल्टवर लावला, तर काटा साडेतेराच्या पुढे जाईना. वाटलं माझंच काहीतरी चुकलं. काका मान वर न करता म्हणाले, "आरं मोटारी चालू झाल्यात. दहानंतर बघ."

हे "दहानंतर बघ" डोक्यातून जाईना. इंजिनिअरिंगला चार वर्षं पॉवर सप्लाय शिकलो, पण व्होल्टेज २३०च आहे असं धरून. नियमही तसाच होता म्हणा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनुसार घरगुती पुरवठ्याचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या सहा टक्क्यांपेक्षा जास्त खालीवर व्हायला नको. मी त्या संध्याकाळी मीटर लावला तर १६२!

आता गणित बघा. काकांचा ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा. २३० आलं की ब्रिजनंतर साधारण २४ व्होल्ट डीसी मिळतं. १६० आलं की तेच १६ वर येतं. ७२३ आणि ट्रान्झिस्टरला मिळून काम करायला तीनेक व्होल्ट लागतात. उरले तेरा. बटण कितीही फिरवा, नाहीत ते व्होल्ट कुठून आणणार?

या प्रकाराला लिनिअर सप्लाय म्हणतात. जास्तीचं व्होल्टेज ट्रान्झिस्टरने अडवायचं आणि त्याची उष्णता करून टाकायची, एवढंच त्याचं तत्त्व. आत २४ व्होल्ट आणि बाहेर ५ व्होल्ट २ अँपिअर हवे असतील, तर कामाला येतात १० वॅट आणि हीटसिंकवर जातात ३८ वॅट. पण आउटपुट एकदम स्वच्छ, आणि बिघडला तर कोणीही दुरुस्त करू शकतो. आपल्याकडे प्रयोगशाळेतला सप्लाय म्हणजे बहुतेकांना हाच आठवतो. प्रभाकर देवधरांनी १९६२ मध्ये ठाण्यात ॲप्लॅब ही कंपनी काढली. पॉवर सप्लाय आणि मोजमापाची उपकरणं हे तिचं काम. (देवधर पुढे राजीव गांधींच्या काळात इलेक्ट्रॉनिक्स कमिशनचे अध्यक्ष झाले.) म्हणजे इथे ठाण्यात असे सप्लाय बनत होते, त्याच सुमारास जगात दुसरीकडे त्याला पर्याय शिजत होता.

तो पर्याय म्हणजे स्विचमोड. अडवायचं नाही, तर स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा, आणि किती वेळ चालू ठेवायचा यावरून आउटपुट ठरवायचं. पूर्ण चालू स्विचमध्ये उष्णता जवळजवळ नाही, पूर्ण बंदमध्येही नाही. शिवाय ५० ऐवजी ३०-४० हजार हर्ट्झ मिळाले की विटेएवढा ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा होतो. कल्पना जुनीच. १९३० च्या दशकातल्या मोटारगाड्यांच्या रेडिओत बॅटरीचे ६ व्होल्ट वाढवायला एक थरथरणारी पट्टी असायची, व्हायब्रेटर. तीच चालू-बंद करायची. (तिचा गुणगुणाट रेडिओत ऐकू यायचा म्हणे.) पण कल्पना असून भागत नाही. घरच्या २३० व्होल्टचा शिखर आकडा ३२५, तो सोसून झटकन चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर हवा, आणि त्या वारंवारतेला तापणार नाही असा फेराइटचा गाभा हवा. सगळं जुळून यायला १९६० चं दशक सरत आलं. तोवर हा प्रकार उपग्रहांत आणि लष्करी यंत्रांत, जिथे पैशांपेक्षा वजन महाग. १९७० मध्ये टेक्ट्रॉनिक्सच्या ७००० मालिकेतल्या ऑसिलोस्कोपमध्ये तो आला.

सामान्य इंजिनिअरच्या हातात तो दिला १९७६ ने. सिलिकॉन जनरल या कंपनीत बॉब मॅमॅनोने एसजी१५२४ ही आयसी बनवली. तोपर्यंत स्विचचं नियंत्रण करायला अख्खं कार्ड लागायचं, ते एका चिपमध्ये बसलं. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएल४९४ आली, आणि ती कॉम्प्युटरच्या डब्याडब्यात पोचली.

इथे एक लोकप्रिय गोष्ट सांगितली जाते. १९७७ च्या ॲपल २ साठी स्टीव्ह जॉब्जला पंखा नको होता, म्हणून रॉड होल्टने ३८ वॅटचा स्विचिंग सप्लाय बनवला. जॉब्जचं म्हणणं असं की पुढच्या सगळ्या कॉम्प्युटरनी तोच उचलला. आयझॅक्सनच्या २०११ च्या चरित्रात हे आहे. केन शिरिफ या इंजिनिअरने २०१२ मध्ये जुने सप्लाय आणि पेटंटं तपासून हे खोडून काढलं. होल्टचं काम चांगलंच होतं, पण लाट आधीच आली होती. १९८१ च्या आयबीएम पीसीचा ६३.५ वॅटचा सप्लायही स्विचिंगच, पण त्याची रचना निराळी. मला शिरिफचं पटतं. लाट चिप आणि ट्रान्झिस्टरच्या किमतींनी आणली, कोणा एकाने नाही.

पण या सगळ्या इतिहासात मुद्दे दोनच : आकार आणि उष्णता. वडवणीत बसून बघितलं तर तिसराच मुद्दा मोठा दिसतो. इनपुट कमी झालं तर स्विच जास्त वेळ चालू राहतो, एवढंच. म्हणून तुमच्या मोबाईलच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. ही सोय आपल्यासाठी केलेली नाही. जपानात १००, अमेरिकेत १२०, युरोपात २३०, आणि प्रत्येक देशासाठी वेगळा चार्जर कोण बनवणार? त्यांच्या धंद्याच्या सोयीत आमच्या गावाचं काम झालं.

आठवून बघा, टीव्हीखाली स्टॅबिलायझर असायचा. आत टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर आणि रिले. लाईट खालीवर झाली की टक्, टक्. मालिका ऐन रंगात आली की टक्. आमच्याकडे त्याच्यावर क्रोशाचं विणलेलं झाकणसुद्धा होतं :) तो घराघरातून गेला आणि कोणाला कळलंही नाही. फ्रीजखालचा मात्र राहिला, कारण त्याची मोटर थेट लाईनवर चालायची.

असो. तर मी ठरवलं, काकांना असा सप्लाय करून द्यायचा. पुण्यात भंगारातून जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस आणला (आपल्या बाजारात एसएमपीएस म्हणजे तो डबाच). आत टीएल४९४ होतीच. ही चिप आउटपुटचा ठरावीक हिस्सा घेते, आपल्या ५ व्होल्टच्या संदर्भातून काढलेल्या व्होल्टेजशी ताडून बघते आणि त्यानुसार स्विचची वेळ ठरवते. तो हिस्सा पाडणाऱ्या रेझिस्टरच्या जागी पॉट बसवला की सप्लाय ॲडजस्टेबल. चिपमधला दुसरा ॲम्प्लिफायर करंट लिमिटला लावला. १२ सोडून बाकीची आउटपुटं काढली, जास्त व्होल्टेज दिसलं की डबा बंद पाडणारं सर्किट सोडवलं, आणि रिकामा असताना आउटपुट भरकटू नये म्हणून एक रेझिस्टर कायमचा जोडला. पहिल्याच दिवशी हौसेने २० व्होल्टला नेला. फट्! आउटपुटचे कपॅसिटर १६ व्होल्टचेच राहिले होते. चूक शंभर टक्के माझी. ३५ चे टाकले.

(करून बघणार असाल तर : प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहतात. ते जीव घेऊ शकतात. आधी ते उतरवा, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, म्हणजे बल्बमधून, चालू करा. हे मला कॉलेजने नाही, काकांनी शिकवलं.)

संक्रांतीला डबा वडवणीला नेला. संध्याकाळी सात, लाईन १६८. आउटपुट १५.० व्होल्ट, काटा ढिम्म. मी खूश. काका म्हणाले, "आन ओढायलाय किती?"

मी इनपुटला अँमीटर लावला आणि जरा गप्प झालो. जुना शंभरचा बल्ब १६० व्होल्टवर मंद पिवळा जळायचा, ०.४३ अँपिअरऐवजी ०.३५ च्या आसपास घ्यायचा. लाईन कमजोर झाली की तो आपोआप कमी मागायचा. एसएमपीएसला मात्र वॅट तेवढेच हवेत. २३० ला जो ०.४३ घेईल, तो १६० ला ०.६ च्या वर ओढतो. म्हणजे डीपीवर जेवढे चार्जर, टीव्ही आणि कॉम्प्युटर, तेवढे सगळे लाईन पडली की जास्त ओढणार, आणि जास्त ओढलं की लाईन अजून पडणार. मोटारींच्या मानाने हा भार अजून लहान आहे हे खरं. पण ज्याचा स्टॅबिलायझर गेला त्याला पडलेली लाईन दिसतच नाही. आमच्या घरातही आता व्होल्टेज कमी आहे म्हणून कोणी बोलत नाही. पूर्वी बल्ब मंद झाला की आजी लगेच बोलायची.

काकांनी नवीन डबा ठेवून घेतला. जुनाही हलवलेला नाही. रेडिओ आला तर लागतो म्हणे, नव्याचा आवाज मीडियम वेव्हवर येतो. तपासलं. येतो. पुढच्या खेपेला आउटपुटला एक फिल्टर टाकून बघणार आहे.