नागरी अक्षर आणि दृष्टिहीन वाचक

लुई ब्रेल याने १८२९ साली सहा टिंबांची आपली लिपी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती यथावकाश हिंदुस्थानात आली खरी, परंतु प्रांतोप्रांतीच्या अंधशाळांत तिच्या निरनिराळ्या संहिता रूढ झाल्यामुळे एका प्रांतातले पुस्तक दुसऱ्या प्रांतातील वाचकाच्या हाती पडूनही निरुपयोगीच राही. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५१ साली बैरूत येथे परिषद भरली आणि त्या सुमारास भारती ब्रेल सिद्ध झाली, तेव्हा हा घोळ मिटला. या लिपीच्या कर्त्यांनी अक्षराची आकृती बाजूस ठेवून उच्चाराचा क्रम प्रमाण मानला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. डोळसास ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी दिसते. भारती ब्रेलमध्ये प्रथम क आणि मग इकार येतो.

चार दशकांनी नागरी लिपी संगणकात शिरली, तेव्हा ‘इस्की’ या भारतीय मानकाने आणि १९९१ सालच्या युनिकोडनेही हाच क्रम पत्करला. मात्र मुद्रणालये, वृत्तपत्रे व सरकारी कचेऱ्या यांत पुढेही दीर्घकाळ जे फाँट चालत राहिले, त्यांपैकी अनेकांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर नागरी आकृत्या चढवलेल्या असत. त्यामुळे पडद्यावर शुद्ध मराठी दिसे, आणि आत साठलेला मजकूर असे निव्वळ रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग. अंध वाचकास पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर आकृती पाहत नाही, संकेत वाचतो. साहजिकच मराठी जाहीरनाम्यावर आणताच तो अगम्य बडबड करू लागे.

मजकुराचे चित्र केले, तर त्यात स्क्रीन रीडरने वाचावे असे संकेतच उरत नाहीत. म्हणूनच चित्रास शब्दरूप पर्याय असावा, हा दंडक संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयी ५ मे १९९९ रोजी प्रसृत झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अग्रस्थानी होता. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सुगम्य करण्याचे दायित्व शासनावर टाकले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच अंश ठरवला.

एवढे होऊनही हुकमाच्या कागदाचे छायाचित्र काढून तेच संकेतस्थळावर चढवण्याची रीत कित्येक दफ्तरांतून गेलेली नाही. ज्या मजकुराचा मसुदा संगणकावरच टंकित झालेला असतो, त्याचे मुद्दाम चित्र करून तो अंध नागरिकाच्या आवाक्याबाहेर ठेवणे यास माझ्या मते कोणतीही सबब नाही. ज्यांच्या स्वाक्षरीने हे कागद बाहेर पडतात, त्यांनी मूळ युनिकोड मजकूरही सोबत प्रसिद्ध करावा.