रक्ताची वही

नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास जाऊन आलेल्या वाचकास तेथील उपाध्यायांच्या वह्या ठाऊक असतीलच. आपण गाव नि आडनाव सांगावे, गुरुजींनी बासनातून एक लांबट वही काढावी आणि पानावर बोट ठेवून आपल्या पणजोबांचा हस्ताक्षरातला मजकूर दाखवावा. ऊर भरून येतो. त्या भरात आपणही आपली नि मुलाबाळांची नावे लिहून देतो. वही आपल्या घराण्याची असली तरी आपल्या मालकीची नव्हे, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात येते? यजमानकृत्य ही एक वृत्ती होती. भावाभावांच्या वाटणीत ती विभागली जाई, गहाण पडे, प्रसंगी विकलीही जाई. यजमान बिचारा आपल्या गावी स्वस्थ असे.

या वह्यांची आठवण होण्याचे कारण अमेरिकेत घडले. 'ट्वेंटीथ्री अँड मी' नावाची एक कंपनी २००६ साली तेथे निघाली. नळीत थुंकी भरून टपालाने पाठवायची, काही डॉलर मोजायचे, की आपले पूर्वज कुठले आणि कोणत्या रोगाचा संभव किती, हे ती कळवी. सुमारे दीड कोटी लोकांनी अशा नळ्या पाठवल्या. २०२३ साली चोरांनी तिच्या सुमारे चौदा हजार गिऱ्हाइकांची खाती उघडली; परंतु माहिती गेली ती जवळजवळ एकोणसत्तर लाख लोकांची! कारण त्या खात्यांतून नातेवाईक शोधण्याची सोय होती. एकाचे दार उघडले की चुलत, मावस, आत्ये अशा साऱ्या गोताची दारे किलकिली झाली. पुढे मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळे काढले आणि हा सारा संग्रह विक्रीस निघाला. कंपनीच्या एका संस्थापिकेनेच स्थापलेल्या संस्थेने तो साडेतीस कोटी डॉलरना घेतला. वृत्ती विकली गेली, इतकेच.

हे झाले सातासमुद्रापलीकडचे, आणि तेही हौसेचे. हौस नसताना, गरजेपोटी जिथे रक्ताची वही उघडावी लागली, असा मुलूख मात्र आपल्याच राज्याच्या वायव्य टोकाला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या भागांत भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशी वस्ती, आणि त्या वस्तीत पिढ्यान्पिढ्या उतरत आलेला सिकलसेल नावाचा रक्तदोष.

या रोगाचा शोध लागला शिकागोत. ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, त्याचे वर्णन डॉ. हेरिक यांनी १९१० साली छापले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला आणि हिंदुस्थानचे नाव या नकाशावर आले. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस 'वाहक' होतो. त्याला बहुधा काहीच होत नाही, उलट मलेरियापासून थोडे संरक्षणच मिळते. दोघेही वाहक असले तर मात्र दर खेपेस चारात एक एवढा संभव असतो की मूल रोगी जन्मेल. मग ते सांध्यांचे ठणके, तो वारंवारचा पांडुरोग, ती लहान वयातली मरणे.

तेव्हा तपासणी हवीच. याविषयी माझ्या मनात शंका नाही. आश्रमशाळांतून, प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मुलांच्या बोटांना सुई टोचली जाते ती त्यांच्या हितासाठीच. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने तर चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प सोडला. निकालाचे कार्ड हाती येते आणि लग्न जमवताना दोन्हीकडची कार्डे पाहावीत, असा उपदेश केला जातो. पत्रिकेऐवजी कार्ड! शनी-मंगळापेक्षा हे बरे, असे कुणाही सुशिक्षितास वाटेल.

मलाही तसे वाटे. पण ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस गावाची हकिगत वाचली आणि मी थबकलो. त्या गावात जवळजवळ चारातला एक माणूस वाहक. १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी साऱ्यांचे रक्त तपासले, सल्ला दिला, आणि काही वर्षांनी परत येऊन पाहिले. वाहक-वाहक विवाह कमी झालेच नव्हते. अनेकांनी आपला निकाल लपवून लग्ने केली होती, आणि ज्यांचा उघड झाला त्यांच्याकडे गाव डागाळलेल्या मालाप्रमाणे पाहू लागले होते. अमेरिकेत त्याच सुमारास कित्येक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर ही तपासणी सक्तीची केली. वायुसेनेच्या अकादमीत तर वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. धडधाकट माणसे कागदावर आजारी ठरली.

आणखी एक नाजूक गोष्ट आहे. या कार्डावर नाव एकाचे असते, पण हकिगत घरातल्या साऱ्यांची असते. मूल रोगी निघाले, की आईबाप दोघेही वाहक, हे न तपासताच कळते. आणि मूल वाहक, पण आई नि घरातला बाप दोघेही निर्दोष, असे कागद सांगू लागले तर? सल्लागाराने तेथे जीभ आवरावी लागते. संमतीचा अंगठा एकाने दिला, गुपित मात्र ज्यांना कुणी विचारलेच नाही त्यांचे फुटते. पाड्यावर हे गुपित झाकून राहणे शहरापेक्षा किती कठीण, हे सांगावयास नको.

योगायोग असा, की अंगठे देण्याचा आरंभही याच जिल्ह्यात झाला. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक एका ग्रामस्थ बाईला देण्यात आला. तिचे नाव नि छायाचित्र देशभर छापले गेले. मी ते येथे पुन्हा छापत नाही. त्याच आधारावरून न्यायालयात गेलेल्या वादात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. आधीच्या मसुद्यात आनुवंशिक माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती; झालेल्या कायद्यातून तो वर्गच गळाला. एड्सच्या रोग्याचे गुपित राखण्यास २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. सिकलसेलच्या वाहकास तसा नाही.

म्हणजे राहता राहिली ती केंद्रातली परिचारिका. चाचणीचे निकाल वाटताना वर्गात सर्वांसमक्ष नावे पुकारायची, की एकेकीला बाहेर बोलावून, तिच्या भाषेत, 'तू आजारी नाहीस' हे आधी सांगून मग कार्ड हाती ठेवायचे, हे तिच्यावर आहे. दुसऱ्या रीतीला वेळ अधिक लागतो.