फोर-बाय-फोर गाडी म्हणजे कुठेही जाण्याचा परवाना? ऑफरोडिंगला निघण्याआधी माहिती हव्यात अशा गोष्टी

डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातला एक व्हीडिओ व्हायरल झाला होता. नाताळच्या सुट्टीमुळे लाहौलकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची रांग लागली होती. एका थारच्या चालकाने कोंडी टाळण्यासाठी गाडी थेट चंद्रा नदीत घातली. गाडी पार झाली, पण व्हीडिओ पोलिसांपर्यंत पोहोचला आणि चालकाचं चलान कापलं गेलं.

असे व्हीडिओ बघायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. सलग सुट्ट्या आल्या की कोकणच्या एखाद्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली एसयूव्ही, तिच्याभोवती वाढत जाणारं पाणी आणि ट्रॅक्टर घेऊन धावलेले गावकरी असं दृश्य मोबाईलवर दिसतंच.

थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्यांमुळे ऑफरोडिंगची हौस आता बऱ्याच घरांत पोहोचली आहे. पण गाडी एखाद्या ठिकाणी जाऊ शकते, तिथे जाणं सुरक्षित आहे आणि तिथे जायची परवानगी आहे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक अपघात, दंड आणि विम्याचे वाद या तिन्हींची गल्लत केल्यामुळे होतात.

फोर-बाय-फोर म्हणजे नेमकं काय?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. फोर-बाय-फोरमध्ये ट्रान्सफर केस नावाच्या भागामार्फत ती पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अ‍ॅक्सलना देता येते.

अशा गाड्यांमध्ये सहसा तीन पर्याय असतात. 'टू-हाय' रोजच्या रस्त्यासाठी, 'फोर-हाय' चिखल, वाळू किंवा बर्फासाठी आणि 'फोर-लो' तीव्र चढ-उतारासाठी. फोर-लोमध्ये गाडी अगदी सावकाश चालते, पण चाकांवरचा जोर कित्येक पटींनी वाढतो.

यात एक गोम आहे. थार, जिम्नीसारख्या गाड्यांमधला फोर-हाय कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरायचा नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. रस्त्याची पकड घट्ट असेल तर हा फरक जिरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण गिअर व शाफ्टवर येतो.

दुसरा गैरसमज ब्रेकबद्दल आहे. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणजे गाडी लवकर थांबते असं नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. उलट उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्याने घाटातल्या वळणावर ती उलटण्याचा धोका जास्त असतो.

प्रत्येक थार फोर-बाय-फोर असते का?

नाही. थारची दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी आली. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तिची रिअर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त आवृत्ती आणली. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. सेकंड-हँड गाडी घेणाऱ्यांनी म्हणूनच आत गिअरच्या शेजारी ट्रान्सफर केसचा दुसरा, छोटा दांडा आहे का हे बघावं.

जिम्नी भारतात जून २०२३ मध्ये आली. तिच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये फोर-बाय-फोर आणि फोर-लो मिळतं. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये त्याशिवाय पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं डिफरन्शियल लॉक असतं.

हे लॉक महत्त्वाचं का? साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरतं आणि जमिनीवर घट्ट टेकलेलं चाक तसंच थांबून राहतं. लॉक लावल्यावर अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि गाडी बाहेर निघते.

जाहिरातीतल्या आकड्यांचा अर्थ काय?

थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, तर जिम्नीचा २१० मिलिमीटर आहे. थारचा अप्रोच अँगल ४१.८ अंश आहे. म्हणजे तेवढ्या उताराचा चढ समोर आला तर पुढचा बंपर न घासता चाक त्यावर चढू शकतं.

सगळ्यात जास्त गैरसमज 'वॉटर वेडिंग'च्या आकड्याबद्दल आहे. थारसाठी हा आकडा ६५० मिलिमीटर, तर गुरखासाठी ७०० मिलिमीटर आहे. हा आकडा पाण्याची खोली सांगतो, पाण्याचा वेग नाही.

वाहत्या पाण्याचं गणित वेगळंच असतं. साधारण ३० सेंटिमीटर वेगवान पाणी छोटी कार ढकलू शकतं आणि ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्हीसुद्धा वाहून नेऊ शकतं. म्हणजे कागदावर ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकणारी गाडी पावसाळ्यात फरशीवरून वाहणाऱ्या ओढ्यात त्याहून कमी पाण्यातही वाहून जाऊ शकते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे, हे आतून दिसत नाही.

स्नॉर्केलचंही तसंच आहे. इंजिनाला लागणारी हवा तो उंचावरून घेतो, एवढंच त्याचं काम. त्याने गाडी जड होत नाही की प्रवाहात तिची पकड वाढत नाही.

गाडी किनाऱ्यावर रुतते कशी?

ओहोटीच्या वेळी ओली वाळू डांबरासारखी घट्ट वाटते. पण गाडी थांबली आणि लाट आली की टायरभोवतीची वाळू सरकते आणि चाक खाली जातं. चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. गाडीचा तळ वाळूवर टेकला की फोर-बाय-फोरचाही उपयोग होत नाही.

तोवर भरती सुरू झालेली असते. कोकणातले मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे साधारण ३ वाजता पूर्ण भरती आणि तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं.

गाडी वाचली तरी खाऱ्या पाण्याचा फटका नंतर बसतो. वायरिंग, बेअरिंग, ब्रेक आणि चॅसी यांना लागलेला गंज महिन्याभराने दिसू लागतो.

कुठे गाडी नेता येत नाही?

- समुद्रकिनारे: गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रातही अनेक किनाऱ्यांवर स्थानिक प्रशासनाने वाहनांना मनाई केली आहे. कारण फक्त पर्यटकांची सुरक्षितता नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्चदरम्यान अंडी घालतात. घरटं वाळूखाली असल्याने गाडीतून दिसत नाही. टायरच्या खोल चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचूच शकत नाही.
- जंगल: अभयारण्यात विनापरवाना जाणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. राखीव वनातल्या घुसखोरीला भारतीय वन कायदा, १९२७ लागू होतो. जुनी बैलगाडीची वाट दिसते म्हणून ती सगळ्यांसाठी खुली आहे, असं नसतं.
- सडे आणि पठारं: सह्याद्रीतल्या कातळसड्यांवर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा असतो. पावसाळ्यातली रानफुलं त्याच थरात उगवतात. ओल्या मातीत एकदा उमटलेली चाकोरी पुढच्या पावसात पाण्याची वाट बनते आणि माती वाहून जाते.
- शेत आणि माळरान: मोकळं दिसणारं रान बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीचं किंवा गावाचं गायरान असतं. मालकाला किंवा ग्रामपंचायतीला आधी विचारणं गरजेचं आहे.

मॉडिफिकेशन केलं तर काय होतं?

मोठे टायर, उंच सस्पेन्शन, लोखंडी बंपर आणि छतावर दिव्यांची पट्टी हे बदल अनेकांना गाडी घेताच करायचे असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा आणि आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं.

त्याच वर्षी झालेल्या कायदादुरुस्तीनुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बुल बारवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या. असा लोखंडी गज पादचाऱ्यासाठी घातक ठरतो आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही अडथळा आणू शकतो.

विमा मिळतो का?

खासगी गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्यांमध्ये झालेलं नुकसान वगळलेलं असतं. इंजिनात पाणी शिरून ते बंद पडलं तर साध्या पॉलिसीत दावा सहसा नाकारला जातो. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पाणी शिरल्याची शंका आली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. खरं नुकसान बहुधा त्या दुसऱ्या प्रयत्नात होतं. गाडीत केलेले बदल विमा कंपनीला कळवले नसतील, तर तेही दावा अडवायला पुरेसं कारण ठरू शकतं.

गाडी अडकली तर काय करावं?

सगळ्यात आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. चाकांसमोरची वाळू किंवा चिखल फावड्याने बाजूला करावा. वाळूत टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी मात्र हवा पुन्हा भरलीच पाहिजे, म्हणून एअर पंप सोबत हवा.

ओढून काढताना पट्टा फक्त कंपनीने दिलेल्या रिकव्हरी पॉइंटला बांधावा. बंपरला किंवा ट्रेलर जोडायच्या बॉलला बांधलेला पट्टा ताणाखाली सुटला की लोखंडाचा तुकडा गोळीसारखा उडतो. अशा अपघातांत जगभरात लोकांचे जीव गेले आहेत. पट्टा ताणलेला असताना मदतीला आलेल्या गावकऱ्यांसह सगळ्यांना लांब उभं करावं. व्हीडिओ काढणाऱ्यांनाही.

मग हौस भागवायची कुठे?

नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफरोड प्रशिक्षण अकादमी आहे. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा भरते. तिथे भाग घेतला नाही, तरी कसलेले चालक चिखलात किती सावकाश गाडी काढतात हे बघण्यासारखं असतं. अनेक शहरांतले क्लब परवानगी घेतलेल्या खासगी जागेवर ट्रेल आयोजित करतात. नव्या चालकासाठी सुरुवात तिथूनच सोपी. सोबत दुसरी गाडी असते, माहीतगार माणूस असतो आणि अडकलं तर बाहेर काढायची सोयही असते.

एकट्या गाडीने अनोळखी वाटेवर उतरू नये, हा ऑफरोडिंगमधला सगळ्यात जुना नियम आहे. वाट पुढे कशी आहे हे माहीत नसेल तर जाणकार चालक आधी गाडीतून उतरून ती पायी बघून येतात. चालून पार करता येणार नाही असं पाणी दिसलं, तर ते गाडी मागे वळवतात.